आवाजाचा वेग दरवेळी चुकतोय आणि दोन फोनचे डेसिबल कधीच जुळत नाहीत? आधी हे तपासा

दरवर्षी हा प्रश्न येतो आणि दरवर्षी जवळपास त्याच शब्दांत येतो. प्रयोग नीट केला, तीनदा रीडिंग घेतलं, तिन्ही वेळा सारखंच आलं, तरी उत्तर पुस्तकाशी जुळत नाही, मग चूक शोधायची कुठे? शाळेतल्या मुलांबरोबर आवाजाचे आणि लाटांचे प्रयोग मी बरीच वर्षं करतोय आणि एक गोष्ट आता पक्की झालीय, मुलांचा हात क्वचितच चुकतो. चूक बहुतेक वेळा मोजमाप जिथून सुरू होतं तिथेच बसलेली असते, नळीच्या तोंडाशी, फोनच्या माईकपाशी, पट्टीच्या शून्यावर, आणि ती प्रत्येक रीडिंगमध्ये तेवढीच शिरते म्हणून दहा वेळा मोजलं तरी जात नाही. सरासरी काढून पण जात नाही. ती जाते ती दोन जागांची रीडिंग घेऊन त्यांचा फरक काढला की. खाली चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत पण उपाय फिरून बहुतेक इथेच येतो.

सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार आधी घेतो, रेझोनन्स ट्यूबची, म्हणजे नळीतली हवा घुमवून (हे घुमणं म्हणजेच रेझोनन्स) आवाजाचा वेग काढायच्या प्रयोगाची.

नववीतल्या दोन मुली करत होत्या. एक मीटरची काचेची नळी, बाजूला रबरी ट्यूबने जोडलेलं पाण्याचं भांडं, भांडं खाली घेतलं की नळीतलं पाणी उतरतं. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की एकच सूर देणारा दोन पायांचा धातूचा काटा. एकीने फोर्क नळीच्या तोंडावर धरायचा, दुसरीने भांडं हळूहळू खाली न्यायचं, आवाज एकदम भरून आला की थांबायचं आणि पाणी कुठे आहे ते वाचायचं. १६.० सेंटिमीटर, मग १६.१, परत १६.०. या पहिल्या जागी नळीत पाव लाट बसते, म्हणून त्याला चारने गुणलं की तरंगलांबी, तिला ५१२ ने गुणलं की वेग, ३२८, ३३०, ३२८. आकडे एकमेकांना इतके धरून होते की दोघी खूश. मग थर्मामीटर बघितला तर २८ अंश, आणि २८ अंशाला हवेत आवाजाचा वेग ३४८ मीटर प्रतिसेकंद असायला हवा. वीस मीटर कमी, जवळपास सहा टक्के. "सर, फोर्क खराब आहे का?" हा पहिला प्रश्न, तो नेहमीच पहिला असतो. फोर्क चांगला होता.

झालं असं की नळीतली हवा जिथे जोरात हलते ती जागा बरोबर काठावर नसते, काठाच्या थोडी बाहेर असते. तोंडाबाहेरचा हवेचा एक छोटा थर पण आतल्या हवेबरोबर डोलत असतो, त्यामुळे आवाजासाठी नळी पट्टीने मोजल्यापेक्षा जरा लांब असते. किती लांब, तर व्यासाच्या साधारण ०.३ पट. त्यांच्या नळीचा आतला व्यास ३.२ सेंटिमीटर होता म्हणजे जवळपास १ सेंटिमीटर. आता १६ मध्ये १ कमी पडला की सहा टक्के गेलेच ना, आणि ते दर वेळी सारखेच जाणार, म्हणून तर तिन्ही रीडिंग इतकी छान जुळत होती.

यावर पुस्तकात एंड करेक्शन, म्हणजे काठाबाहेरची ही जादा लांबी, मिळवायला सांगतात ते बरोबरच आहे, पण मी मुलांना आधी ते सांगत नाही. मी सांगतो भांडं अजून खाली न्या. त्या म्हणाल्या आवाज गेला, मी म्हटलं जाऊ दे, नेत राहा. पाणी पस्तीसच्या खाली गेलं, चाळीस गेलं, काहीच नाही, फोर्क परत परत वाजवायचा, आणि मग ५० वर तोच भरलेला आवाज परत आला, पहिल्यापेक्षा थोडा हलका पण स्पष्ट. ५०.० सेंटिमीटर. दोन जागांमधलं अंतर म्हणजे बरोबर अर्धी तरंगलांबी, ५०.० वजा १६.० म्हणजे ३४.० सेंटिमीटर, दुप्पट करून ५१२ ने गुणलं, ३४८. काठाबाहेरचा तो एक सेंटिमीटर दोन्ही रीडिंगमध्ये सारखाच होता, वजाबाकीत निघून गेला. आणि मजा म्हणजे तो किती होता ते पण त्याच दोन आकड्यांतून कळतं, दुसऱ्या रीडिंगमधून पहिल्याची तिप्पट वजा करून निम्मं करायचं, ५० वजा ४८, निम्मे १ सेंटिमीटर. व्यासावरून काढला तर ०.९६. इतकं जुळल्यावर मुलांना एंड करेक्शन वेगळं शिकवावं लागत नाही, त्यांनी ते स्वतःच मोजलेलं असतं.

अजून एक चूक याच वजाबाकीत मरते, ती म्हणजे स्टँडवर बसवलेल्या पट्टीचा शून्य नळीच्या काठाशी नसणं. बऱ्याच सेटमध्ये तो अर्धा-एक सेंटिमीटर वर-खाली असतो आणि कुणी बघतच नाही. आडवी पट्टी काठावर टेकवून एकदा बघून घ्या. पण फरक घेणार असाल तर याने वेगाला काही होत नाही, फक्त वर काढलेलं एंड करेक्शन विचित्र येईल, कधी कधी उणे पण येईल, तसं आलं तर कारण हेच समजा.

"दुसरा रेझोनन्स सापडतच नाही" असं म्हणणारे पण पुष्कळ असतात. हातातला फोर्क बघा, २५६ चा आहे का? ३० अंशाला २५६ हर्ट्झची तरंगलांबी १ मीटर ३६ सेंटिमीटर भरते, तिचा पाऊण म्हणजे १०२ सेंटिमीटर, एक मीटरच्या नळीत ती जागाच नाही, शोधून मिळणार कुठून. २८८ चा फोर्क घेतला तर नव्वदच्या आसपास जेमतेम बसतो, त्यापेक्षा ३८४, ४८० किंवा ५१२ घ्या, आरामात मिळतो.

आणि उलट तक्रार, "जागोजागी आवाज वाढतो, खरा कुठला?" ही फोर्क टेबलावर आपटल्यामुळे होते. कडक जागी आपटला की मूळ सुराबरोबर एक बारीक किणकिण वाजते, ती मूळ वारंवारितेच्या सव्वासहा पटीच्या आसपास असते, ५१२ च्या फोर्कला ३२०० हर्ट्झ धरा, मग दर साडेपाच सेंटिमीटरला ती नळीत घुमते आणि पोरं त्यातलाच एक आकडा लिहून मोकळी होतात. रबर पॅडवर नाहीतर तळहाताच्या टाचेवर मारा. किणकिण ऐकू येत असेल तर एक-दोन सेकंद थांबा, ती लवकर विरते, मूळ सूर टिकतो.

फोर्क धरायची पण एक पद्धत आहे आणि ती न सांगितल्यामुळे अर्धा वर्ग आवाज ऐकू येत नाही म्हणून बसतो. वाजता फोर्क कानाजवळ धरा आणि दांडी बोटांत हळूहळू फिरवा, एका पूर्ण फेरीत आवाज चार वेळा मोठा आणि चार वेळा जवळजवळ बंद होतो. हे प्रत्येक मुलाला एकदा करायला लावाच, दोन मिनिटं लागतात. म्हणजे फोर्क नळीवर तिरका धरला तर तो कितीही जोरात वाजत असला तरी नळीत काही जात नाही. तो आडवा धरायचा, एक पाय वर आणि एक खाली येईल असा, खालचा पाय नळीच्या तोंडापासून एक-दोन सेंटिमीटरवर, काचेला न टेकवता. काचेला लागला तर आवाज पण जातो आणि नळीचा काठ पण. रेझोनन्सची जागा शोधताना पाणी एकदा खाली नेताना वाचा आणि एकदा वर आणताना वाचा, दोन आकड्यांत दोन-तीन मिलिमीटर फरक पडतो कारण कान नेहमी जरा उशिरा "हां" म्हणतो, दोन्हीचा मध्य घ्या.

फोर्क नसेल तर फोनवरचं टोन जनरेटर चालतं, वारंवारिता बरोबर असते. फक्त फोन नळीच्या तोंडावर झाकणासारखा ठेवू नका, तोंड झाकलं की काठाबाहेरच्या हवेचा हिशोब बदलतो. स्पीकर थोडा बाजूला, तोंड उघडं.

मग येतं तापमान. मुलं आपलं उत्तर कशाशी ताडून बघतात? कुणी ३३० शी, कुणी ३४० शी, कुणी ३४३ शी, ज्याच्या पुस्तकात जे. शून्य अंशाला ३३१, वीस अंशाला ३४३, तीस अंशाला साधारण ३४९, म्हणजे दर अंशाला ०.६ वाढवत जायचं. गरम दुपारी खोलीत ३५ अंश असताना ज्याचं ३५२ आलं त्याचं उत्तर बरोबर आहे, आणि तो बिचारा ३४० आणण्यासाठी रीडिंग खोडतोय, हे मी बघितलंय आणि ते बघून खरंच वाईट वाटतं. थर्मामीटर प्रयोगाच्या टेबलावरच ठेवा आणि तापमान रीडिंगच्या वर पहिल्या ओळीत लिहायला लावा. हवेच्या दाबाने वेग बदलत नाही, दमटपणाने किंचित वाढतो पण एक टक्क्याच्या आतच, शाळेत तो सोडून द्या.

टाळी आणि दोन फोनचा प्रयोग

हा प्रयोग मला फार आवडतो, कारण यात नळी नाही, पाणी नाही, दोन फोन आणि दोन मुलं. फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनलेलं, त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे, एका आवाजाने सुरू होतं आणि दुसऱ्याने बंद. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवायचे, पहिल्या फोनपाशी एकाने टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळं सुरू होतात पण लांबचं थोडं उशिरा, मग दुसऱ्याने दुसऱ्या फोनपाशी टाळी वाजवायची, आता त्याचं आधी थांबतं आणि पहिल्याचं उशिरा. दोन फोनवरच्या वेळांचा फरक म्हणजे आवाजाला जाऊन-येऊन अंतर कापायला लागलेला वेळ. पाच मीटरला तो २९ मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवा. दोन टाळ्यांमध्ये किती वेळ गेला याने काही बिघडत नाही.

आता तक्रार. एका गटाने ५ मीटरवर केलं तर वेग ४२६ आला, १० मीटरवर ३८५, १५ मीटरवर ३७३. त्यांनी वहीत निष्कर्ष लिहिला की आवाज लांब जाताना दमतो आणि हळू होतो. त्यांच्या आकड्यांवरून बघितलं तर निष्कर्ष चुकीचा काढलाच नव्हता, मोजलेलं तसंच दिसत होतं. मी त्यांना म्हटलं मला करून दाखवा. फोन जमिनीवर ठेवलेले आणि मुलं सरळ उभी राहून छातीसमोर टाळी वाजवतायत.

इथेच सगळं आहे. टाळी जमिनीपासून एक मीटर उंच वाजली तर आवाजाला खालच्या फोनपर्यंत यायलाच एक मीटर जावं लागतं, आणि लांबच्या फोनपर्यंत तिरकं ५ मीटर १० सेंटिमीटर. म्हणजे दोन फोनला आवाज पोचण्यात जो फरक पडला तो ५ मीटरचा नाही, ४ मीटर १० सेंटिमीटरचाच. पण हिशोबात आपण ५ टाकले, वेग फुगला. अंतर वाढवलं तरी हा जवळपास एक मीटर कमीच राहतो, १० च्या जागी ९.०५, १५ च्या जागी १४.०३, म्हणून लांब गेलं की चूक प्रमाणाने बारीक होत जाते आणि वेग उतरल्यासारखा वाटतो. उपाय सोपा, टाळी फोनच्या उंचीवर वाजवायची आणि दोन फोन जोडणाऱ्या रेषेवरच, फोनच्या मागच्या बाजूला. फोन दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर ठेवले तर मुलांना वाकावं पण लागत नाही.

पण त्याच गटाची तीच रीडिंग न फेकता आम्ही ग्राफ काढला, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्यावर जाऊन-येऊन अंतर. वेळा होत्या २३.५, ५१.९ आणि ८०.४ मिलिसेकंद, अंतरं १०, २०, ३०. तिन्ही ठिपके जवळपास एका रेघेत आले, फक्त रेघ शून्यातून जात नव्हती. पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यात २० मीटरला ५६.९ मिलिसेकंद, भागाकार केला, ३५१. खोलीत ३० अंश होते. चुकीच्या उंचीवर टाळ्या वाजवून पण उतार जवळपास बरोबर आला! त्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते कारण आपलं सगळं काम वाया गेलं असं ते धरून बसले होते. म्हणून एका अंतरावर दहा टाळ्या वाजवण्यापेक्षा पाच अंतरांवर दोन-दोन वाजवा, आणि रेघ शून्यातून जबरदस्तीने नेऊ नका, ती जिथे अक्षाला छेदते तीच तुमची लपलेली चूक.

यातल्या बाकीच्या अडचणी लहान आहेत. घड्याळ आपोआप सुरू होत असेल तर थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या आवाजाला घड्याळ दाद देतं ती पातळी, वाढवा. सुरू होऊन लगेच बंद होत असेल तर टाळीचा घुमारा त्याला बंद करतोय, किमान विलंब ०.२-०.३ सेकंद ठेवा. अंतर फोनच्या मधोमध नाही तर माईकपासून माईकपर्यंत मोजा, बहुतेक फोनचा मुख्य माईक खालच्या कडेला असतो. मऊ टाळीपेक्षा लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर मारले तर आवाज एकदम चढतो आणि लांबचा फोन पण वेळेवर पकडतो. ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असेल तर काढा. वाऱ्याची काळजी करू नका, आवाज एकदा तिकडून आणि एकदा इकडून जातो त्यामुळे वाऱ्याचा परिणाम एकमेकांत जातो. हीच युक्ती १८२२ मध्ये पॅरिसजवळ वापरली होती, विलजुइफ आणि मोंलेरी या दोन ठिकाणी तोफा ठेवून आळीपाळीने डागल्या होत्या, मधलं अंतर १८ किलोमीटरच्या वर, आणि समोरचा झगमगाट दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ मोजला होता. अरागो, गे-ल्युसाक, हम्बोल्ट असे नावाजलेले शास्त्रज्ञ होते त्यात. मुलांना सांगा, तुम्ही स्टुलावर फोन ठेवून तेच करताय.

हातातल्या स्टॉपवॉचने शंभर मीटरवरून करणाऱ्यांसाठी एवढंच, आवाजाला लागतात ०.२९ सेकंद आणि आपल्या बोटाला प्रतिक्रिया द्यायलाच ०.२ सेकंद लागतात, त्यातून काही निघत नाही. मोठ्या भिंतीसमोर ५० मीटरवर उभं राहून टाळ्या अशा लयीत वाजवा की प्रत्येक टाळी आधीच्या प्रतिध्वनीवर पडेल, आणि अशा २० टाळ्यांचा वेळ घ्या. पहिली टाळी शून्य मोजायची, एक नाही. इथे बरेच जण एकाने चुकतात.

आता डेसिबल

"तीन फोन शेजारी ठेवले, एक ५२ दाखवतो, एक ६१, एक ६७, खरं काय?" कुठलंच धरू नका. डेसिबलचा शून्य म्हणजे २० मायक्रोपास्कल दाब, आणि फोनला पास्कल कळत नाही, त्याला फक्त माईकमधून आलेले आकडे कळतात, त्यावर अ‍ॅप आपल्या अंदाजाने काहीतरी मिळवतं. ते किती मिळवायचं हे प्रत्येक फोनला वेगळं. खऱ्या मीटरला आधी कॅलिब्रेटर लावतात, तो १००० हर्ट्झला बरोबर ९४ डेसिबल म्हणजे १ पास्कल देतो. तो शाळेत नसतो. पण एकाच फोनवरचा फरक बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. म्हणून प्रयोगाचा प्रश्नच बदला, "वर्गात किती डेसिबल" ऐवजी "दार लावल्यावर किती कमी झाले", "अंतर दुप्पट केल्यावर किती उतरले". फोन तोच, कव्हर काढलेलं, माईकवर बोट नाही, दिशा तीच. गटागटांचे फोन वेगळे असतील तर सगळे एका ठिकाणी ठेवून एकच सलग, एकसारखा आवाज वाजवा, एक फोन प्रमाण धरा आणि बाकीच्यांना किती मिळवायचं-वजा करायचं ते चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवा.

"अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल उतरायला हवे, आमचे उतरत नाहीत." खोलीत उतरणारच नाहीत, भिंतींवरून परत येणारा आवाज सगळीकडे सारखाच भरलेला असतो, दोन-तीन मीटरनंतर आकडा जवळजवळ थबकतो. मोकळ्या मैदानात करा. तिथे पण पार्श्वभूमीचा आवाज बघा. समजा आजूबाजूला ५० डेसिबल आहेत आणि स्पीकर १ मीटरवर ७० देतोय, तर २ मीटरवर ६४ च्या जागी ६४.२, ४ मीटरवर ५८ च्या जागी ५८.६ आणि ८ मीटरवर ५२ च्या जागी ५४.१ येणार. मुलांना वाटतं नियम लांबवर मोडतो. नियम मोडत नाही, मागचा आवाज मिसळतो. स्पीकर बंद करून एकदा मोजा, चालू आणि बंदमध्ये १० डेसिबलचा फरक असेल तर निर्धास्त, ३ पेक्षा कमी असेल तर ते रीडिंग ग्राफवर घेऊच नका.

मग एक तक्रार अशी असते की फोन वीतभर सरकवला की आकडा दहाने उडतो. तुम्ही १००० हर्ट्झची शिट्टीसारखी एकच टोन वाजवताय ना? खोलीत त्याची उभी लाट बनते, दर १७ सेंटिमीटरला मोठा आणि मधे बारीक. डोकं हळूहळू हलवून बघा, कानाला पण कळतं. डेसिबलच्या प्रयोगाला एकच टोन नको, पाऊस पडल्यासारखा व्हाइट नॉइज वाजवा, ही कटकट बरीचशी संपते. (टोनवाली उभी लाट मात्र फेकू नका, दोन शांत जागांमधलं अंतर मोजलं की वेग काढायचा तिसरा प्रयोग फुकटात मिळतो.)

आवाज वाढवत नेला तरी आकडा एका जागी अडकतो का? मग फोन आपणहून माईकचा आवाज कमी करतोय किंवा माईकची हद्द संपलीय. तपासायला दोन अगदी सारखे स्पीकर घ्या, एक चालू असताना दुसरा चालू केला की ३ डेसिबल वाढायला हवेत. दुप्पट नाही, तीनच, यावरून पण दरवर्षी वाद होतो. तीन वाढले नाहीत तर आवाज कमी करून परत बघा. आणि टाळीचा आकडा कमी येतो म्हणणाऱ्यांनी मीटर स्लोवर आहे का बघावं, स्लो म्हणजे एका सेकंदाची सरासरी, फास्ट म्हणजे १२५ मिलिसेकंदांची, टाळी त्याहून कितीतरी आधी संपलेली असते. ढोलासारख्या खर्जातल्या आवाजाला आकडा कमी येत असेल तर ए वेटिंग लावलेलं असणार, ते १०० हर्ट्झला १९ डेसिबल कापतं कारण आपला कान पण खर्ज कमी ऐकतो.

सरासरी काढताना सुद्धा जपून. अर्धा वेळ ६० आणि अर्धा वेळ ७० असेल तर सरासरी ६५ नाही, ६७.४, आधी ऊर्जेत बदलायचं, मग सरासरी, मग परत डेसिबल.

आवाज अडवणारी पेटी बनवणाऱ्या मुलांची निराशा मी सगळ्यात जास्त बघितलीय. आत फोम लावला, कापड लावलं, आणि आकडा चार-पाचनेच उतरला. फोम पेटीच्या आतला घुमारा शोषतो, आवाज अडवायला जड भिंत लागते आणि फट नको. पेटीच्या पृष्ठभागाचा फक्त शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी भिंती कितीही भारी असोत, २० डेसिबलच्या पुढे घट मिळणार नाही. वायर बाहेर काढायला पाडलेलं भोक मळलेल्या मातीने बुजवा, झाकणाच्या कडेला टेप मारा, पेटीखाली स्पंज ठेवा म्हणजे टेबलातून आवाज जाणार नाही, आणि यातलं एकेक केल्यावर परत मोजा, कुठल्या गोष्टीने किती उतरले ते कळलं पाहिजे.

शेवटी स्लिंकीचं, म्हणजे लांब ताणता येणाऱ्या मऊ स्प्रिंगचं एक, कारण तिथे मुलं प्रयोग बरोबर करून पण चुकलो समजतात. जोरात झटका दिला तर लाट लवकर पोचेल असं त्यांना वाटतं, तसं होत नाही, लाट मोठी होते, वेग तोच. मग ते स्लिंकी अजून ताणतात आणि बघतात तर पलीकडे पोचायला वेळ तेवढाच! तीन मीटर ताणली काय आणि चार मीटर काय, घड्याळ तेच दाखवतं, आणि ते म्हणतात आमचं घड्याळ बिघडलंय. घड्याळ ठीक आहे. ताणल्यावर ताण वाढतो आणि दर मीटरला वजन कमी होतं, दोन्ही मिळून वेग लांबीच्या प्रमाणातच वाढतो, म्हणून अंतर जास्त आणि वेळ तोच. एका खेपेचा वेळ मोजू नका, लाट टोकावरून परतते तशा पाच-सहा खेपा मोजून भागा, स्लिंकी गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि दोन्ही टोकं हाताने न धरता खुर्चीच्या पायांना बांधून, टोकाजवळची एक कडी ओढून सोडा, हात हलला की पहिली खेप बिघडते.